रेकॉर्ड लॉकिंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

डेटाबेसमध्ये लॉकची सोय असते, तेव्हा अनेकांनी एकाच वेळी काम केले तरी माहिती आपोआप सुरक्षित राहते, हा सर्वांत रुजलेला आणि सर्वांत घातक गैरसमज होय. लॉक म्हणजे एखादी नोंद, अर्थात रेकॉर्ड, एका वापरकर्त्याचे काम होईपर्यंत इतरांच्या बदलांपासून राखून ठेवणे. परंतु पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनमध्ये नेहमीच्या मांडणीत साधे वाचन असा लॉक घेत नाही, तो लिहिण्याच्या वेळी लागतो. गोदामात 40 पोती शिल्लक असल्याचे दोन कारकुनांनी आपापल्या पडद्यावर पाहिले, एकाने 10 वजा करून 30 हा आकडा जतन केला आणि मागोमाग दुसऱ्याने 5 वजा करून 35 जतन केला, तर दोन्ही बदल बिनतक्रार नोंदले जातात आणि 25 ऐवजी 35 पोती शिल्लक दिसतात. पहिल्याचा बदल हरवतो आणि तो हरवल्याचे कोणालाच कळत नाही.

सगळे काम ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे पूर्णपणे पार पडणाऱ्या किंवा पूर्णपणे रद्द होणाऱ्या व्यवहारात, गुंडाळले की हा धोका टळतो असेही मानले जाते. वस्तुतः एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून कितपत अलग राहतात हे आयसोलेशनच्या पातळीवर ठरते, आणि पोस्टग्रेसच्या 'रीड कमिटेड' या मूळ पातळीवर हा धोका तसाच राहतो. 'रिपीटेबल रीड' पातळीवर पोस्टग्रेस दुसरा बदल नाकारते, मात्र त्याच नावाच्या पातळीवर इनोडीबी तो स्वीकारते. म्हणून वजाबाकी पडद्यावर न करता अपडेटच्या आज्ञेतच करावी, अथवा 'सिलेक्ट फॉर अपडेट' वापरून वाचतानाच लॉक घ्यावा.

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमधील 'नो लॉक्स' हा पर्याय म्हणजे संरक्षणाचा अभाव, असे त्याच्या नावावरून वाटते. प्रत्यक्षात ही आशावादी पद्धत आहे, जिची शास्त्रीय मांडणी कुंग आणि रॉबिन्सन यांनी 1981 साली केली: संपादन चालू असताना कोणालाही अडवायचे नाही, पण जतन करताना मधल्या काळात नोंद बदलली आहे का ते तपासायचे. बदलली असल्यास ॲक्सेस 'राइट कॉन्फ्लिक्ट'ची चौकट दाखवते. तिच्यातील 'सेव्ह रेकॉर्ड' हे बटण विचार न करता दाबले, तर दुसऱ्याचे काम पुसले जाते, आणि म्हणून या चौकटीचा अर्थ वापरकर्त्यांना समजावून देणे अत्यावश्यक आहे.

एका ओळीचा बदल एकाच ओळीला लॉक करतो, हेही नेहमीच खरे नसते. इनोडीबी इंडेक्समधील, म्हणजे ओळी चटकन शोधण्यासाठीच्या सूचीतील, नोंदींवर लॉक लावते. ज्या स्तंभावरून ओळ शोधायची त्यावर इंडेक्सच नसेल, तर इनोडीबीच्या मूळ आयसोलेशन पातळीवर टेबलातील तपासलेली प्रत्येक ओळ अडकते. अशा वेळी दोष लॉकला दिला जातो, उपाय मात्र इंडेक्स तयार करणे हा असतो.

दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांनी धरलेल्या नोंदींची वाट पाहत अडकले की डेडलॉक होतो. त्याने डेटा बिघडतो ही भीती निराधार आहे. मूळ मांडणीत पोस्टग्रेस 1 सेकंद वाट पाहून तपासणी करते आणि त्यांपैकी एक ट्रान्झॅक्शन पूर्णपणे मागे घेते. सर्व प्रोग्रामांनी नोंदी एकाच क्रमाने लॉक केल्यास असे प्रसंग पुष्कळ कमी होतात, परंतु मागे घेतलेले काम डेटाबेस स्वतःहून पुन्हा करत नाही. ते नव्याने चालवण्याची तजवीज प्रोग्राममध्येच करावी लागते.