कर जर्मनाचा, खिसा भोसरीचा

नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आणि त्याच्या सुटसुटीतपणाचं कौतुक करूनही झालं. कलमं ८१९ वरून ५३६ वर आली, ‘असेसमेंट इयर’ नावाचं गूढ प्रकरण मिटलं. परदेशी कंपनीला पैसे पाठवताना कर कापण्याचं जुनं कलम १९५ आता टीडीएसच्या सामायिक कलम ३९३ मध्ये, एका तक्त्यात जाऊन बसलं आहे. मजकूर आटोपशीर झाला. ओझं मात्र होतं तेवढंच आहे, आणि ते चुकीच्या खांद्यावर आहे.

समजा, भोसरी एमआयडीसीतल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यानं जर्मन कंपनीकडून नव्या इम्पेलरचं डिझाइन घेतलं. मोबदला दहा लाख रुपयांइतके युरो. कायदा म्हणतो, उत्पन्न जर्मन कंपनीचं, कर तिचा. तुम्ही फक्त तो कापा आणि सरकारजमा करा. जर्मन कंपनी म्हणते, तुमच्या सरकारशी आमचं देणंघेणं नाही, आमच्या खात्यात ठरलेले युरो पूर्ण आले पाहिजेत. करारात शेवटाकडे कुठेतरी एक वाक्य असतं: सर्व भारतीय कर भारतीय पक्ष सोसेल. कारखानदार सही करतो. गरज त्याला असते, त्यांना नसते.

मग हिशेब उलटा मांडावा लागतो. सीए मंडळी याला ‘ग्रॉस-अप’ म्हणतात. परदेशी कंपनीच्या रॉयल्टी आणि तांत्रिक सेवा शुल्कावर दर २० टक्के, वर ४ टक्के सेस, म्हणजे २०.८ टक्के. कर कापून दहा लाख उरायला हवेत, तर मूळ रक्कम १२ लाख ६२ हजार ६२६ रुपये धरावी लागते. त्यातले २ लाख ६२ हजार ६२६ रुपये कर म्हणून जातात. कागदावर ते जर्मन कंपनीनं भरले, प्रत्यक्षात भोसरीतून गेले. शिवाय सेवा आयात केली म्हणून १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जनं भरायचा तो वेगळाच. त्याचं क्रेडिट मिळतं एवढं समाधान.

हे २० टक्के आले कुठून, तो इतिहास मजेशीर आहे, म्हणजे ज्याला भरायचे नाहीत त्याच्यासाठी. २०१३ साली दर १० वरून २५ टक्के झाला. २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी तो परत १० वर आणला आणि कारण उघड सांगितलं: लहान उद्योगांना स्वस्तात तंत्रज्ञान मिळावं. २४ मार्च २०२३ रोजी लोकसभेत गदारोळ चालू होता, वित्त विधेयक चर्चेविना मंजूर झालं आणि त्यात ऐनवेळी आलेल्या दुरुस्त्यांमध्ये हा दर दुप्पट करणारी दुरुस्ती होती. मूळ अर्थसंकल्पात तिचा मागमूस नव्हता. आठवड्याभरात, १ एप्रिलला, ती लागूही झाली. आठ वर्षांत लहान उद्योगांना तंत्रज्ञानाची गरज संपली असं कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

वाढीची बाजू घेणारे म्हणतात, कमी दर हवा तर दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार दाखवा. जर्मनी आणि जपानच्या करारात कमाल दर १० टक्के आहे, त्यावर सेसही नाही. बरोबर. तो दर धरला तर आपल्या उदाहरणात कर २ लाख ६२ हजारांवरून १ लाख ११ हजारांवर येतो. पण त्यासाठी जर्मन कंपनीनं तिथल्या कर कार्यालयाकडून रहिवासी प्रमाणपत्र आणायचं, आपल्या प्राप्तिकर पोर्टलवर जुन्या १०एफच्या जागी आलेला फॉर्म भरायचा, भारतात आमचं कायमस्वरूपी ठाणं नाही असं लिहून द्यायचं. खरी गोम पुढे आहे. भारतीय कायद्याच्या पूर्ण दरानं कर कापला असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर परदेशी कंपनीला इथं रिटर्न भरण्यापासून सूट असते. २०२० ते २०२३ या काळात, दर १० टक्के होता तेव्हा, जर्मन, जपानी कंपन्या आपोआप त्या सवलतीत बसत. आता त्याच १० टक्क्यांसाठी करार पुढे करावा लागतो, म्हणजे सूट गेली. पॅन काढा, दरवर्षी भारतात रिटर्न भरा. दहा लाखांच्या कामासाठी स्टुटगार्टची छोटी कंपनी हे करेल? ती भोसरीकराला म्हणेल, तुम्हीच भरा वीस टक्के.

करारांची गंमत अशी की देश बदलला की उत्तर बदलतं. अमेरिका, ब्रिटन आणि सिंगापूरच्या करारांत एक अट आहे: ते ज्ञान तुमच्या हाती असं सोपवलं गेलं पाहिजे की पुढच्या वेळी तुम्ही ते स्वतः वापरू शकाल, तरच तांत्रिक सेवेवर कर. त्यामुळे अमेरिकन इंजिनिअरनं तिकडून व्हिडिओ कॉलवर दिलेला सुटा सल्ला बहुतेकदा करमुक्त ठरतो. तोच सल्ला जर्मन इंजिनिअरनं दिला की १० टक्के. प्राप्तिकर कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर तर सेवा भारतात बसून दिली की जर्मनीत, याला काही अर्थ उरलेला नाही.

आणि कर कापायचा राहिला तर? देशी सल्लागाराचा टीडीएस राहिला तर त्या खर्चाचे ३० टक्के नामंजूर होतात. परदेशी असेल तर शंभर टक्के. देशी व्यावसायिकाला वर्षाला ५० हजारांपर्यंत टीडीएस नाही. परदेशी असेल तर पहिल्या रुपयापासून. व्होडाफोनचा गाजलेला खटलाही मुळात याच प्रश्नाचा होता: परदेशी विक्रेत्याला पैसे देताना तुम्ही कर का कापला नाही? त्यांच्याकडे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात लढायला वकिलांची फौज होती. भोसरीकडे एक सीए असतो, आणि तोही जुलैमध्ये फोन उचलत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली जीई इंडिया प्रकरणात स्पष्ट केलं होतं की परदेशी गेलेल्या प्रत्येक रकमेवर कर कापायचा नसतो. भारतात करपात्र असेल तेवढ्यावरच. पण बँकेच्या काउंटरवर हा निकाल चालत नाही. तिथं परदेशी रक्कम पाठवण्याचे कागद (पूर्वीचे १५सीए-१५सीबी) मागतात, सीए सही करताना धास्तावतो आणि शंका आली की ‘कापून टाका’ म्हणतो. तोही चूक नाही. करारांचा अर्थ कधी बदलेल सांगता येत नाही: २०२३ साली नेस्ले प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की करारातली ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्र’ सवलत, म्हणजे दुसऱ्या देशाला दिलेला कमी दर आपल्यालाही मिळण्याची सोय, सरकारी अधिसूचनेशिवाय लागू होत नाही. त्यावर स्वित्झर्लंडनं १ जानेवारी २०२५ पासून आपल्या बाजूची सवलतच थांबवली.

परदेशी कंपनीच्या भारतातल्या कमाईवर कर हवाच, याबद्दल वाद नाही. पण मोठी बहुराष्ट्रीय कंपनी करार पुढे करून कमी दरात सुटते आणि २० टक्के भरतो तो लहान कारखाना, अशी व्यवस्था उलटी आहे. लहान रकमांच्या सहकार्य करारांसाठी १० टक्के दर परत आणावा आणि त्या दरावर रिटर्नची सूटही द्यावी. सरकारचं फारसं बिघडणार नाही.

तोवर, तुमच्या टेबलावर असा करार सहीसाठी आला असेल, तर कर कोण सोसणार ते कलम आधी वाचा. समोरच्याकडून रहिवासी प्रमाणपत्र आणि १०एफच्या जागी आलेला फॉर्म पहिल्या हप्त्याआधी मिळेल, नाहीतर जादा कर त्याचा, एवढं एक वाक्य त्यात घालून घ्या. सही झाल्यावर ते कुणी घालून देत नाही.