अर्जाला निकालाची वाट नको

हाताशी वही-पेन असेल तर घेऊन बसा, कारण आज काही गोष्टी लिहून घेण्यासारख्या आहेत. आज आपण बोलणार आहोत पदवीनंतरच्या शिक्षणासाठी करायच्या अर्जाबद्दल. म्हणजे एम.ए., एम.एस्सी., एम.एस.डब्ल्यू. आणि आपल्या ख्रिस्ती मैत्रिणींच्या घरून काही मुली ज्या वाटेने जातात, ती धर्मशास्त्राची पदवी.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना हे कशाला? ज्या मुलीला शिकायचंय ती बघून घेईल. पण आम्ही गावोगावच्या गटांशी बोलतो तेव्हा एक गोष्ट सारखी दिसते. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असते. पुढं शिकायचं म्हणते. घरचे म्हणतात, "आधी निकाल तर लागू दे." निकाल लागतो जून-जुलैमध्ये. मग चौकशी सुरू होते आणि कळतं की, जिथं जायचं होतं तिथला अर्ज जानेवारीतच बंद झाला. आता थांबा पुढच्या वर्षापर्यंत. आणि आपल्याकडे मुलीचं घरी बसलेलं वर्ष मोकळं राहत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. स्थळं यायला लागतात. "नाहीतरी घरीच बसलीय," असं म्हणत बोलणी पुढं सरकतात. मार्क होते, हुशारी होती, घरच्यांचा विरोधही नव्हता. चुकली ती फक्त तारीख.

म्हणून पहिली गोष्ट लिहून घ्या. पुष्कळ ठिकाणी शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करता येतो. तोवर झालेल्या सत्रांच्या गुणपत्रिका जोडायच्या आणि निकाल आल्यावर तो द्यायचा. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी-पीजी नावाची एकच प्रवेश परीक्षा सुरू झाली आहे. गेली काही वर्षं तिचे अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास भरले जातात आणि परीक्षा मार्चमध्ये होते. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, जी १९३६ साली मुंबईत सुरू झाली आणि जिचा एक परिसर आपल्या तुळजापूरला आहे, तिथल्या एम.ए.चे प्रवेशही आता याच परीक्षेच्या गुणांवरून सुरू होतात. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांचे बरेच अर्ज निकालाच्या आसपास निघतात, त्यामुळे ती वाट उशिरापर्यंत उघडी असते. पण दोन्ही वाटा उघड्या ठेवायच्या असतील, तर तयारी शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत सुरू व्हायला हवी. तारखा दरवर्षी थोड्या पुढं-मागं होतात. त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच बघायच्या, कुणाच्या सांगण्यावर राहायचं नाही.

आता कागदांकडे येऊ. एक फाईल करा आणि तिचे दोन भाग पाडा.

पहिला भाग शाळा-कॉलेजचा. दहावी, बारावीची आणि पदवीच्या प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला. दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर आधीच्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन. मध्ये एखादं वर्ष शिक्षण थांबलं असेल तर तसं प्रतिज्ञापत्र, ज्याला कॉलेजात गॅप सर्टिफिकेट म्हणतात.

दुसरा भाग तहसीलचा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेयर. हे आपले सरकार सेवा केंद्रातून मिळतात. इथं तीन जागी पाय घसरतो. पहिली, मुदत. उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमिलेयरच्या दाखल्यावर तो कधीपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. बहुधा ती तारीख ३१ मार्च असते. दाखला हातात पडला की आधी ती ओळ वाचा. दुसरी, नमुना. केंद्र सरकारच्या संस्थांना ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याच्या नमुन्यातला चालत नाही. सेवा केंद्रात मागतानाच तसं सांगा. तिसरी, जात वैधता. विज्ञान शाखेच्या मुलींना बारावीनंतर ती लागते, म्हणून त्या काढून ठेवतात. कला शाखेच्या मुलींना तिची गरजच पडलेली नसते. पुढं एखाद्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचं ठरलं की अडकायला होतं. समितीकडून ती यायला महिने जातात, तेव्हा आधीच अर्ज टाका.

उत्पन्नाचा दाखला म्हणजे नुसता कागद समजू नका. वर्षाचं घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने २०२४ पासून पूर्ण माफ केलं आहे. आपली मुलगी निवडतेय तो अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे कॉलेजात विचारून घ्या.

आता नावाचं. हे खास सुनांसाठी. लग्नानंतर शिकायला निघालेल्या कितीतरी जणींचं आधार सासरच्या नावाचं असतं आणि गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या. अर्ज तपासणाऱ्याला या दोन वेगळ्या बायका वाटतात. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला लागतो. गावातल्या लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत होते. काही ठिकाणी नावबदलाचं राजपत्र मागतात. मुलींच्याही नावात 'दीपाली'चं इंग्रजी स्पेलिंग दहावीला एक आणि आधारवर दुसरं, असं होतं. एका संध्याकाळी सगळे कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा.

आणि मोबाईल-ईमेलचं तर विसरूच नका. तालुक्याच्या कॅफेत अर्ज भरला, तिथल्या भाऊंनी स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकला, असं सर्रास चालतं. मग परीक्षेचं प्रवेशपत्र, मुलाखतीची तारीख, सगळं त्यांच्याकडे येतं आणि ते पन्नास जणांचे अर्ज भरणारे. मुलीचा स्वतःचा ईमेल काढा, पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा आणि नंबर असा द्या, की जो रिचार्ज संपून बंद पडणार नाही.

कागद झाले. आता अर्जातला लिहिण्याचा भाग. काही संस्था एक पान लिहून मागतात. तुम्हाला हा अभ्यास का करायचा आहे? इंग्रजीत त्याला स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात. आपण हेतूपत्र म्हणू. यात चार प्रश्नांची उत्तरं असावीत. मी आजवर काय केलं? ते करताना मला कोणता प्रश्न पडला? तो सोडवायला याच अभ्यासाची गरज का आहे? आणि शिकून मी काय करणार?

बहुतेक मुली लिहितात, "मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे." हे वाक्य वाचणाऱ्याने त्या दिवशी चाळीस वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी असं बघा: "माझी आई ज्या गटात आहे, त्याची हिशोबाची वही मी तीन वर्षं लिहिते. गटात बारा बायका आहेत. कर्ज वेळेवर न फेडलेल्या चौघींपैकी तिघींचे पैसे दवाखान्यात गेले होते, असं मला नोंदींतून दिसलं. आजारपण आणि कर्ज यांचा संबंध मला नीट अभ्यासायचा आहे." इथं एकही मोठा शब्द नाही. पण ही मुलगी डोळे उघडे ठेवून जगते, हे वाचणाऱ्याला कळतं. शहरातल्या मुलीकडे चांगलं इंग्रजी असेल. आपल्या मुलीकडे ही वही आहे.

म्हणून आधी मराठीत लिहायला सांगा. जसं बोलतो तसं. मग कुणाच्या तरी मदतीने साध्या, लहान इंग्रजी वाक्यांत करून घ्या. कॅफेतलं तयार पान किंवा मोबाईलने लिहून दिलेलं पान जोडू नका. मुलाखतीत त्याच पानावरून प्रश्न येतात आणि जे आपण लिहिलं नाही ते आपल्याला सांगताही येत नाही.

नंतर शिफारसपत्रं. साधारण दोन लागतात. आपल्याकडे लगेच सरपंच नाहीतर आमदारांचं पत्र आणायला धावतात. त्याचा उपयोग नाही. त्यांनी मुलीला वर्गात पाहिलेलं नसतं. जिने किंवा ज्याने शिकवलं, प्रकल्प तपासला, चुका दाखवल्या, त्या शिक्षकांचं पत्र हवं. त्यांना निदान महिनाभर आधी विचारा. सोबत एका कागदावर आपले गुण, केलेली कामं आणि शेवटची तारीख लिहून द्या, म्हणजे त्यांना आठवत बसावं लागत नाही. बऱ्याच ठिकाणी आता शिक्षकांच्या ईमेलवर थेट दुवा जातो आणि पत्र ते स्वतः पाठवतात. आपल्याला ते दिसत नाही. म्हणून आठवडाभर आधी नम्रपणे आठवण करायची. यात संकोच नको.

मुलीने गटासाठी, ग्रामसंघासाठी किंवा उमेदच्या कामात समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून काम केलं असेल, तर गटानेही पत्र द्यावं. त्यात कौतुक कमी आणि माहिती जास्त हवी. कधीपासून कधीपर्यंत, कोणतं काम, आठवड्याला किती वेळ. अध्यक्ष-सचिवांची सही आणि शिक्का. हे सगळं तुमच्या बैठकीच्या इतिवृत्तात असतंच. ती वही नीट ठेवली असेल, तर पत्र अर्ध्या तासात तयार होतं.

आता धर्मशास्त्राच्या पदवीबद्दल. ही वाट फक्त पुरुषांची, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. पण केडगावच्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबल मराठीत आणलं, ही आपल्याच मातीतली गोष्ट आहे. आज बी.डी. म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी या पदवीला मुलीही जातात. देशातली अनेक प्रॉटेस्टंट धर्मशास्त्र महाविद्यालयं सेरामपूरच्या सिनेटशी जोडलेली आहेत. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे बरं, हे कोलकात्याजवळचं सेरामपूर. तिथलं कॉलेज १८१८ चं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली. मराठीचं एक अगदी सुरुवातीचं छापील व्याकरणही १८०५ साली विल्यम कॅरी यांनी सेरामपूरहूनच काढलं. पुण्यात प्रॉटेस्टंट परंपरेची युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे आणि कॅथलिक परंपरेची ज्ञान-दीप ही संस्था आहे.

या अर्जात गुणपत्रिकांच्या जोडीला तीन वेगळ्या गोष्टी असतात. बाप्तिस्म्याचा दाखला, मंडळीचं शिफारसपत्र आणि स्वतःची लेखी साक्ष. शिफारसपत्रावर पाळकांची सही लागते. काही ठिकाणी मंडळीच्या कमिटीचा ठराव किंवा वरच्या कार्यालयाची मान्यताही लागते. कमिटीची बैठक महिन्या-दोन महिन्यांनी होते, म्हणून इथंही वेळ हाताशी हवा. वैद्यकीय तपासणीचा दाखलाही पुष्कळ ठिकाणी मागतात. शिवाय इंग्रजी आणि बायबल यांची प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असू शकते.

साक्ष लिहितानाही तोच नियम. "देवाने मला पाचारण केलं," एवढं वाक्य पुरत नाही. संडे स्कूलमध्ये किती वर्षं शिकवलं, आजारी माणसांच्या घरी कुणाबरोबर गेलो, कोणत्या प्रसंगी आपल्याकडे उत्तर नव्हतं आणि म्हणून शिकावंसं वाटलं, ते लिहावं. शंका आली असेल तर तीही लिहावी. शिकायला येणाऱ्याला सगळं ठाऊक असावं, अशी कुणाची अपेक्षा नसते.

आणि एक विचारून घ्यायचं. काही पंथांत स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, काहींत मिळत नाही. पदवीनंतर मुलीला काय काम मिळेल, शिकवण्याचं, समुपदेशनाचं, संस्थेतलं की मंडळीतलं, हे आपल्या पाळकांना अर्जाआधीच स्पष्ट विचारा. खर्च मंडळी उचलणार असेल तर परत येऊन किती वर्षं सेवा करायची, तेही लेखी घ्या.

आता गटासाठी एक काम. पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. आपल्यापैकी कुणाची मुलगी, सून, पुतणी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यांची नावं वहीत लिहा. नावापुढं तीन रकाने आखा: कोणते कागद आहेत, कोणते काढायचे आहेत, अर्जाची शेवटची तारीख कोणती. गटातली एकजण त्या मुलीबरोबर सेवा केंद्रात जाईल, असं ठरवा. अर्जाच्या फीसाठी दोन-तीन हजार कमी पडत असतील, तर अंतर्गत कर्जातून देता येतात का तेही बघा. बियाण्याला आणि शेळीला आपण देतोच की.

फाईल तयार असली की मुलीला घरात बोलायलाही बळ येतं. "मला शिकायचंय" म्हणणं वेगळं आणि "माझा अर्ज गेलाय, मार्चमध्ये परीक्षा आहे" असं सांगणं वेगळं. दुसऱ्या वाक्यापुढं स्थळाची बोलणी थोडी थांबतात.

वही मिटण्याआधी शेजारणीला विचारा, तिनं तारखा लिहून घेतल्या का. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.