तिकीट एक झालं, प्रवास एक झाला का?

मुंबईत घर ते ऑफिस या एकाच प्रवासात बस, लोकल आणि मेट्रो अशा तीन गाड्या बदलाव्या लागतात आणि तिन्ही वेगवेगळ्या संस्थांच्या असतात. या संस्थांनी एकत्र काम करायचं म्हणजे काय, याविषयी काही समज घट्ट बसले आहेत.

गैरसमज : विलीनीकरणाशिवाय समन्वय होत नाही.
वस्तुस्थिती : हॅम्बुर्गमध्ये 1965 साली परिवहन संघ स्थापन झाला. बस आणि रेल्वे चालवणाऱ्या कंपन्या स्वतंत्रच राहिल्या. भाडेरचना एक झाली, वेळापत्रकं जुळवली गेली. 2007 साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससंस्था विलीन होऊन पीएमपीएमएल झाली. दोन्ही शहरांच्या बस एका छत्राखाली आल्या. पुढे पुण्यात मेट्रो आली ती महामेट्रो या वेगळ्या संस्थेची, म्हणून बस-मेट्रो समन्वयाचा प्रश्न नव्याने उभा राहिलाच.

गैरसमज : एक तिकीट म्हणजे एक भाडं.
वस्तुस्थिती : ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झालेल्या 'मुंबई वन' ॲपने लोकल, मेट्रो, बेस्ट, तसंच ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदरच्या बससेवा अशा 11 संस्थांना जोडलं. रांग आणि सुट्ट्या पैशांची कटकट टळते. भाडं मात्र ज्या त्या संस्थेच्या दराने लागतं.

गैरसमज : मेट्रो आली की बसचे प्रवासी पळतात.
वस्तुस्थिती : बस मेट्रोला समांतर धावली तर पळतात. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो 2014 पासून पश्चिम आणि मध्य रेल्वेला जोडते. पण घरापासून स्टेशनपर्यंत माणसं आणायला बसच लागते. अडचण पैशाची आहे. लांब पल्ल्याचं भाडं मेट्रोच्या गल्ल्यात जातं, जवळच्या फेरीची तुटपुंजी कमाई बसकडे राहते. उत्पन्नाच्या वाटणीचा करार नसेल, तर अशा फेऱ्या वाढवण्यात बससंस्थेला काय रस असणार?

गैरसमज : प्राधिकरण नेमलं की काम झालं.
वस्तुस्थिती : महानगरांसाठी एकीकृत परिवहन प्राधिकरण असावं, असं 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच म्हटलं होतं. चेन्नईसाठी 2010 मध्ये कायदाही झाला, तो अमलात यायला 2019 उजाडलं. मार्ग, भाडं आणि निधी यांवर अधिकार नसलेलं प्राधिकरण फक्त बैठका घेतं.

तेव्हा नव्या कार्डाची किंवा ॲपची घोषणा झाली की दोन प्रश्न जरूर विचारा : गाडी बदलल्यावर भाडं कमी होणार का? आणि शेवटच्या मेट्रोनंतर स्टेशनाबाहेर बस मिळणार का?