तीस चौरस फुटांतला पसारा

सकाळचे पावणेसात. आत आजोबा, बाहेर दारावर नातवाची थाप, "आजोबा, लवकर! बस चुकेल माझी!" आजोबांना साबण सापडत नाही. सापडतो तेव्हा त्याच्या शेजारच्या शांपूच्या तीन बाटल्या एकामागोमाग खाली येतात. त्यातल्या एकीला झाकण नसते. हिरवा, बुळबुळीत ओघळ फरशीवरून जाळीकडे निघतो. पुढच्या मिनिटाला काय होणार, ते आजोबांचा पाय त्या ओघळावर पडतो की नाही यावर अवलंबून. बहुतेक दिवशी पडत नाही. म्हणूनच त्या तीन बाटल्या दुसऱ्या दिवशीही तिथेच असतात.

घराची आवराआवर म्हटली की गृहिणीच्या डोळ्यांपुढे माळा येतो, कपडे कोंबलेली कपाटे येतात, स्वयंपाकघरातले डबे येतात. बाथरूमकडे वळायचे ते ब्रश आणि फिनेल घेऊन, म्हणजे घासायला. घासण्याआधी तिथले काहीतरी काढायला हवे, हे फारसे कुणाच्या मनात येत नाही. खरे तर घरातली सर्वांत लहान खोली हीच. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे स्वतंत्र बाथरूमचे किमान क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर आणि शौचालयासह एकत्र असेल तर २.८ चौरस मीटर. म्हणजे साधारण १९ किंवा ३० चौरस फूट. आजच्या पुष्कळ फ्लॅटमधली बाथरूम याहून फार मोठी नसतात. एवढ्या जागेत ओली फरशी, वीज, गरम पाणी आणि तीव्र रसायने एकत्र नांदतात, आणि माणूस तिथे शिरतो तो अनवाणी, चष्मा काढून, बरेचदा अर्धवट झोपेत.

जुन्या वाड्यांतल्या न्हाणीघरात सामान ते किती असे? तांब्याचा बंब, घंगाळ, पाणी घ्यायला तांब्या, बसायला पाट नाहीतर सपाट दगड, कोनाड्यात शिकेकाई आणि पाय घासायची वज्री. संपले. आता शिकेकाईची जागा शांपूने घेतली, त्याच्या मागून कंडिशनर आला. मुलीचा फेसवॉश वेगळा, बाबांचा वेगळा, बाळाचा साबण वेगळा. वस्तू दसपट झाल्या, कोनाडा मात्र तेवढाच राहिला. तो भरल्यावर खिडकीचा कट्टा भरला, मग गीझरचा माथा, मग फ्लशची टाकी.

आधी सगळे बाहेर

एखाद्या रविवारी सर्वांच्या आंघोळी उरकल्यावर हॉलमध्ये किंवा गॅलरीत जुनी चादर अंथरा आणि बाथरूममधली प्रत्येक वस्तू तिच्यावर आणून ठेवा. दारामागच्या खुंटीवरची, सिंकखाली पाइपामागे सरकलेली, गीझरवर चढवून ठेवलेली, सगळी. चौघांच्या घरातून चाळीस-पन्नास वस्तू निघाल्या तरी नवल वाटून घेऊ नका. तळाशी बोटभर उरलेला शांपू, लगदा झालेले साबण, 'काहीतरी घासायला होतील' म्हणून ठेवलेले केस वाकलेले टूथब्रश, हॉटेलातून आणलेल्या इवल्याशा बाटल्या, गंजलेली ब्लेडे, मेंदीचा अर्धा पुडा, कडी निखळलेली बादली, आणि कुठल्याशा लग्नाला येऊन गेलेल्या पाहुण्यांचा विसरलेला कंगवा.

आता प्रत्येक वस्तू हातात घेऊन 'हे लागेल का?' असे विचारू नका. या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे नेहमी 'लागेल' असेच येते. विचारायचे ते 'हे कोण वापरते?' नाव लगेच पुढे आले तर वस्तू राहील. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले तर ती जाईल. बाथरूममध्ये पसारा साठतो त्याचे मुख्य कारणच हे, की ती खोली सगळ्यांची असते आणि तिथली वस्तू कुणाचीच नसते.

जाणारे सगळे कचऱ्यातच जायला हवे असे नाही. बोटभर शांपूत पाणी घालून घरातले कंगवे धुता येतात. रिकाम्या बाटल्या विसळून भंगारवाल्याच्या पिशवीत टाका. ब्लेडे मात्र जाड कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर तसे लिहून द्यावीत. कचरा वेचणाऱ्यांचे हात उघडे असतात. क्रीम-लोशनवरची मुदतीची तारीख वाचा. काही डब्यांवर उघड्या बरणीचे छोटे चित्र आणि त्यावर '१२ एम' असे काही छापलेले दिसेल. उघडल्यापासून बारा महिन्यांत संपवा, असा त्याचा अर्थ.

आरशामागच्या कपाटात औषधे ठेवण्याची सवय पुष्कळ घरांत असते. आंघोळीची वाफ रोज त्या कपाटात शिरते. दमट आणि उबदार हवेत गोळ्या लवकर खराब होतात, आणि वरून पाहून ते कळतेच असे नाही. औषधांची जागा कोरड्या, थंड खोलीतल्या कपाटात, मुलांचा हात न पोचेल अशा उंचीवर. मुदत टळलेली औषधे संडासात ओतू नयेत आणि ओल्या कचऱ्यातही मिसळू नयेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी त्यांची गणना घरातल्या घातक कचऱ्यात करून तो वेगळा ठेवायला सांगितले होते.

शेजारी ठेवू नयेत अशा बाटल्या

आता चादरीवरच्या सर्वांत गंभीर कोपऱ्याकडे वळू. टॉयलेट साफ करायच्या बऱ्याच द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते, आणि ब्लीचिंग पावडर त्याच कुळातली. दोन्ही आपापल्या जागी उपयोगी. पण 'दोन्ही टाकले की जास्त स्वच्छ होईल' म्हणून कुणी एकावर दुसरे ओतले, तर क्लोरिन वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, श्वास लागतो. दार लावलेल्या तीस चौरस फुटांत तो वायू लवकर दाटतो, आणि दम्याच्या रुग्णासाठी हे जिवावरचे दुखणे ठरू शकते. असा वास आलाच तर पाणी ओतत बसू नका. ताबडतोब बाहेर पडा, बाहेरची दारे-खिडक्या उघडा, श्वासाचा त्रास थांबला नाही तर दवाखाना गाठा. यापैकी एकच प्रकार घरात ठेवणे सर्वांत सोपे.

सुट्या अ‍ॅसिडची बाटली तर त्या खोलीतून कायमची जावी. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर कडक अटी घातल्या. विकत घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहणे, नोंद ठेवणे आणि अठरा वर्षांखालच्यांना न विकणे या त्यांतल्या काही. तरीही पूर्वी कधीतरी आणलेली बाटली सिंकखाली तशीच पडून असते, आणि पुष्कळदा ती सरबताची किंवा थंड पेयाची असते! वाचता न येणाऱ्या मुलाला बाटलीचा आकार ओळखता येतो, हे विसरू नका. शिवाय अ‍ॅसिडने फरशीच्या सांध्यांतले सिमेंट झिजते, संगमरवराची चकाकी जाते. नळावर साचणारा पांढरा थर बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांचा असतो. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा बोळा अर्धा तास गुंडाळून ठेवला की तो सुटून येतो. हाच बोळा संगमरवरावर मात्र ठेवायचा नाही.

खिडकीच्या कट्ट्यावरच्या बाटल्यांची रांग निरुपद्रवी वाटते. पण तिच्यामुळे खिडकी उघडत नाही. त्यात कबुतरे येऊ नयेत म्हणून एक्झॉस्टच्या भोकात पुठ्ठा कोंबलेला. अशा बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर पसारा हा केवळ पसारा राहत नाही. बंद जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि चक्कर येऊन माणूस कोसळेपर्यंत काही कळतही नाही. गॅस गीझरची खरी जागा बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. तो हलवून घेईपर्यंत कट्टा पूर्ण रिकामा करा, खिडकी उघडी ठेवा, पाणी बादलीत भरून घ्या आणि गीझर बंद करूनच आंघोळीला बसा. कबुतरांसाठी पुठ्ठा नव्हे, जाळी.

विजेच्या गीझरच्या माथ्यावर साबणाचे खोके, जुनी वर्तमानपत्रे ठेवू नका. पाण्यात सोडायचा हीटिंग रॉड अजून वापरात असेल तर बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही.

मोकळी जागा कुणासाठी?

एवढे सगळे काढल्यावर भिंती उघड्या दिसतात आणि शोभेचे काहीतरी लावायची इच्छा होते. थांबा. घरात वडीलधारी माणसे असतील तर त्या जागेवर पहिला हक्क त्यांचा. तोल जातो तेव्हा माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि बाथरूममध्ये हाताला लागते ती टॉवेलची दांडी. दोन छोट्या स्क्रूंवर उभी असलेली ती नळी टॉवेलचे वजन पेलायला बनवलेली असते, माणसाचे नाही. कमोडच्या बाजूला आणि आंघोळीच्या जागी भिंतीत बोल्ट ठोकून पक्क्या दांड्या बसवा.

सासूबाईंचा लाकडी पाट हा पसाऱ्यात धरायचा की नाही, यावर घराघरांत मतभेद होतील. बसून आंघोळ करणे ही त्यांची सवय चांगलीच आहे, उभ्याने करण्यापेक्षा अधिक सुरक्षित. अडचण आहे ती पाटाच्या उंचीची आणि ओल्या लाकडाच्या निसरडेपणाची. पाट परस्पर अडगळीत टाकण्याऐवजी त्यांना सोबत नेऊन, पायांना रबरी टोप्या असलेले बळकट स्टूल त्यांच्याच पसंतीने आणा. उठताना गुडघ्यांवर भार कमी येतो हे चार दिवसांत त्यांनाच जाणवेल. दाराबाहेरचे घडी पडणारे, सरकणारे पायपुसणे काढून खाली रबर असलेले घाला. आणि वृद्धांनी आतून कडी लावू नये. दार आत उघडणारे असेल आणि माणूस दारालगतच पडला, तर बाहेरून ढकलणेही कठीण होते.

रांगणारे किंवा नुकते चालू लागलेले मूल घरात असेल, तर भरलेली बादली ही त्या खोलीतली सर्वांत धोक्याची वस्तू समजा. अशा मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते बादलीत वाकले आणि तोल गेला की त्याला स्वतःहून वर येता येत नाही, आणि दोन-तीन इंच पाणीही जिवावर बेतू शकते. आवाजही होत नाही. आंघोळ संपली की बादली रिकामी आणि पालथी, दाराला बाहेरून वरची कडी.

बादली पालथी घालणे सगळ्यांनाच परवडत नाही, हेही खरे. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तिथल्या गृहिणीला 'पिंपे काढून टाका' हे कोण सांगणार? अनेक गावांत अजूनही नळ एक दिवसाआड, कधी आठवड्याने येतो. तिथे पिंप हा पसारा नव्हे, ती गरज. पण त्याला घट्ट झाकण हवे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. त्याची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. पाणी भरले की आठ-दहा दिवसांत नवे डास तयार. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप नुसते ओतून चालत नाही, आतून खसखसून घासावे लागते. न वापरलेल्या दोन-तीन बादल्या, घंगाळे, फुटके मग यांतही पाणी साचते. ते मात्र खुशाल काढावेत.

परडीची युक्ती

आवरलेले बाथरूम महिन्याभरात पुन्हा भरते, अशी तक्रार सगळ्यांचीच. यावर वसतिगृहात राहिलेल्या मुला-मुलींना एक उपाय ठाऊक असतो. तिथे प्रत्येक जण आपली बादली, साबणदाणी, शांपू घेऊन जातो आणि आंघोळ झाली की सगळे परत खोलीत आणतो. सामाईक न्हाणीत कुणाचे काही राहत नाही, कारण राहिलेले जागेवर सापडण्याची खात्री नसते! घरीही प्रत्येकाला भोके असलेली एक प्लॅस्टिकची परडी द्या. तिच्यात मावेल तेवढेच त्याचे सामान. जाताना न्यायची, येताना पुसून बाहेर फळीवर ठेवायची. आत कायमचे राहील ते साबण, एक बादली, एक मग, स्टूल आणि पाणी ओढायचा वायपर. वायपर शेवटी आंघोळ करणाऱ्याने फिरवायचा, मग तो घरातला कर्ता पुरुष का असेना. पहिले आठ दिवस कुरकुर होईल. कुणीतरी ओल्या अंगाने दारातून 'माझी परडी आण!' म्हणून ओरडेल. आणून देऊ नका.

वर्षातून एकदा मात्र मराठी घरातले बाथरूम आपोआप रिकामे होते. नरक चतुर्दशीच्या पहाटे पाट मांडायचा, भोवती रांगोळी काढायची, पणती ठेवायची, तर जागा लागतेच. आदल्या संध्याकाळी हे सगळे आवरून ठेवावे. त्या पहाटेची खरी जोखीम तेलाची. एकामागून एक पाच जण तेल लावून आंघोळीला बसतात आणि तिसऱ्याच्या वेळेपर्यंत फरशी काचेसारखी होते. पहिली आंघोळ आजी-आजोबांची ठेवा, फरशी कोरडी असतानाच. त्यानंतर प्रत्येक वेळी कपडे धुण्याची थोडी पावडर आणि गरम पाणी घालून ब्रश मारा, वायपर फिरवा, मगच पुढच्याला आत सोडा. आणि उटण्याची उरलेली पुडी खिडकीत ठेवू नका. पुढच्या दिवाळीला ती तिथेच सापडेल.