सीटखालची टाकी

जुन्या जीपमध्ये पेट्रोल भरायचं तर आधी ड्रायव्हरला उठावं लागे. तो खाली उतरायचा, आपली सीट वर करायचा आणि सीटखाली दडलेल्या टाकीत पंपावरचा माणूस नळी सोडायचा. तालुक्याच्या पंपावर हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला साहेबाच्या गाडीची कीव आली होती. पुढे या गाडीची कुळकथा वाचली आणि कळलं, की टाकी सीटखाली जाण्यामागे काटकसर होती. चाकांच्या दोन आसांमध्ये जेमतेम ८० इंच अंतर, त्यात इंजिन, माणसं, बंदुका आणि इंधन. टाकीला दुसरी जागा देणार कुठे?

४९ दिवसांची मुदत

१९४० च्या जून महिन्यात फ्रान्स पडलं आणि अमेरिकी सैन्याला घाई सुटली. टेहळणीसाठी घोडा आणि मोटारसायकल यांची जागा घेईल अशी हलकी, चारही चाकांना ओढ असलेली गाडी हवी होती. १३५ कंपन्यांना विचारणा झाली. पहिला नमुना देण्यासाठी मुदत होती फक्त ४९ दिवस. हे आव्हान खऱ्या अर्थाने उचललं ते पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या अमेरिकन बँटम या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने दोन दिवसांत गाडीचा आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी बँटमची गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्ड छावणीत चाचणीसाठी पोचली.

गाडी पसंत पडली, पण एवढीशी कंपनी सैन्याला हव्या तेवढ्या गाड्या देऊ शकेल, यावर कोणाचा विश्वास बसेना. बँटमचा आराखडा सैन्याने विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांना दाखवला. ओहायोतल्या टोलेडो शहरच्या विलिसकडे बार्नी रूस हा मुख्य अभियंता आणि ६० अश्वशक्तीचं 'गो डेव्हिल' नावाचं दणकट इंजिन होतं. अडचण वजनाची होती. मर्यादा २,१६० पौंड, म्हणजे सुमारे ९८० किलो. इंजिन बदलण्याऐवजी रूसने बाकीची गाडी सोलून काढली. जिथे बोल्ट लांब होता तिथे आखूड लावला, जिथे पत्रा जाड होता तिथे पातळ केला.

१९४१ मध्ये मोठं कंत्राट विलिसला मिळालं. पाठोपाठ फोर्डही त्याच आराखड्यावर गाड्या बनवू लागली. जीपचा जो चेहरा आपण ओळखतो, तो पत्र्यात उभ्या फटी पाडलेला, तो मुळात फोर्डचा. विलिसच्या सुरुवातीच्या गाड्यांना लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. फोर्डने सरळ पत्रा ठोकून नऊ फटींची जाळी काढली. ती हलकी आणि स्वस्त, म्हणून विलिसनेही ती उचलली. कल्पना एकाची, इंजिन दुसऱ्याचं, चेहरा तिसऱ्याचा. विलिस आणि फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारही आल्या नाहीत; तिने उरलेलं युद्ध प्रामुख्याने जीपमागे ओढायच्या गाड्या बनवण्यात काढलं.

'जीप' हे नाव कुठून आलं यावर आजही एकमत नाही. कोणी ते फोर्डच्या 'जीपी' या अक्षरांशी जोडतं, तर कोणी पॉपायच्या चित्रकथेतल्या कुठेही जाऊ शकणाऱ्या 'युजीन द जीप' या प्राण्याशी. नावाच्या मालकीसाठी विलिसला १९५० पर्यंत झगडावं लागलं. गाडीची कल्पना विलिसची नव्हे, असा निर्वाळा त्याआधी, १९४८ मध्ये, अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दिला होता. नाव मात्र शेवटी विलिसलाच मिळालं.

आखूड दांड्याचं गुपित

जीप चिखलातून निघते कशी? साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोन चाकांना मिळते. त्यातलं एक चाक निसरड्यावर गेलं की ते जागच्या जागी गरगरतं आणि गाडी हलत नाही. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिथून ताकदीचा एक वाटा पुढच्या आसाला जातो. शिवाय त्या पेटीत 'लो' नावाचा जादा गिअर असतो. तो टाकला की वेग जवळपास निम्म्यावर येतो आणि ओढ त्याच प्रमाणात वाढते. बैल चढाला लागला की पावलं आखडती घेतो, तसंच हे.

मूळ जीपमध्ये मोठ्या गिअरच्या शेजारी यासाठी दोन आखूड दांडे होते, एक पुढच्या आसाला जोडण्यासाठी आणि एक 'लो'साठी. पण डांबरावर चारही चाकं जुंपून चालवायची नाहीत, हा ड्रायव्हर लोकांचा पहिला धडा. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. माती असेल तर ती थोडी घसरून हिशेब मिटवतात. डांबर घसरू देत नाही, मग सगळा ताण यंत्रावर येतो.

नांगराला जुंपलेली, मग मुंबईत उतरलेली

युद्ध संपण्याआधीच विलिसला प्रश्न पडला होता, की शांततेत ही गाडी घेणार कोण? उत्तर होतं शेतकरी. १९४५ मध्ये 'सीजे-२ए' आली. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप. तिला मागे उघडणारा फाळका होता, मोठे दिवे होते, आणि नऊ फटींच्या जागी सात. तिच्या इंजिनावर शेतीची अवजारं चालवण्याची सोयही घेता येत असे. १९५३ मध्ये 'सीजे-३बी' आली. तिचं नवं 'हरिकेन' इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं. ते मावावं म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. दिसायला ती जरा बेंगरूळच. अमेरिकेत १९६८ पर्यंत तिच्या दीड लाखांहून थोड्या जास्त गाड्या झाल्या आणि तिथे ती थांबली.

भारतात मात्र तिचं आयुष्य खूप लांबलं. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. तिथे ते पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. कैलासचंद्रांची अमेरिकेत बार्नी रूसशी भेट झाली होती. त्यातून विलिसच्या सुट्या भागांपासून जीप जोडण्याचं काम मुंबईत माझगावला सुरू झालं. पुढे सीजे-३बी इथेच बनू लागली.

रस्ते कमी आणि कामं अफाट, अशा त्या काळात ही गाडी सरकारी यंत्रणेचं वाहन झाली. गटविकास अधिकारी, वनखातं, पाटबंधारे, पोलीस, सगळ्यांच्या दारात जीप. खेड्यात 'जीप आली' म्हणजे सरकार आलं. निवडणुकीत तिच्या टपावर भोंगा चढायचा. बिघडली तरी चिंता नसायची. बॉनेट उघडलं की सगळं यंत्र डोळ्यांपुढे, आणि स्प्रिंगचा पाटा तुटला तर तो जोडून देणारा माणूस बाजारपेठेच्या कुठल्याही गावात भेटायचा. गाडीतून एवढं काही काढून टाकलं होतं, की बिघडायला फार काही उरलंच नव्हतं.

१९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महाग झालं आणि जीपला डिझेल इंजिनं बसू लागली. ऐंशीच्या दशकात 'एमएम ५४०' मध्ये फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल इंजिन आलं. गाडीची लांबीही वाढत गेली. 'कमांडर', 'मार्शल' अशा लांबुडक्या जीप निघाल्या. पश्चिम महाराष्ट्रात त्यांनीच वडाप चालवलं. समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा, ड्रायव्हरशेजारी तिघे, मागे फाळक्यावर लोंबकळणारी पोरं. एसटी चुकली तरी वडाप मिळायचं. यातल्या बहुतेक गाड्यांना पुढच्या आसाची जोड नव्हतीच. ज्या गुणासाठी ही गाडी जन्मली तो गुणच आपण काढून टाकला, कारण आपल्याला चिखलातून वर निघण्यापेक्षा जास्त माणसं बसवणं गरजेचं होतं. यातूनच पुढे २००० साली 'बोलेरो' आली.

दोन घरं, एक चेहरा

तिकडे अमेरिकेत जीपने मालक बदलले, कैसर, एएमसी, क्रायस्लर आणि आता स्टेलँटिस. 'सीजे-५' आणि 'सीजे-७' नंतर १९८६ मध्ये 'रँग्लर' आली. तिला चौकोनी दिवे दिले, ते जीपप्रेमींना अजिबात रुचले नाहीत. पुढच्या पिढीत, नव्वदच्या दशकात, गोल दिवे परत आले आणि पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आली. या कुळाच्या उसनवारीची कथा तर जगभर आहे. ब्रिटनच्या लँड रोव्हरचा पहिला प्रयोग जीपच्या सांगाड्यावर झाला. टोयोटाने १९५१ मध्ये बनवलेल्या गाडीलाही आधी 'जीप'च म्हटलं होतं. 'लँड क्रूझर' हे नाव तिला नंतर मिळालं.

महिंद्राने २०१० मध्ये 'थार' आणली. वाळवंटाचं नाव घेतलेली ही गाडी जुन्या जीपचाच साचा, नव्या डिझेल इंजिनावर. २०२० च्या २ ऑक्टोबरला आलेली दुसरी थार मात्र वेगळी होती. कडक छप्पर, ऑटोमॅटिक गिअर, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता आणि ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत चार तारे. ती नाशिकला बनते. २०२४ मध्ये तिला पाच दारांची बहीण, 'रॉक्स', मिळाली.

त्याआधी एक गमतीदार भांडण झालं. २०१८ मध्ये महिंद्राने 'रॉक्सर' ही गाडी अमेरिकेत, मिशिगनमध्ये जोडून विकायला काढली. ती रस्त्यावर चालवायची नव्हती, शेतावर आणि रानात वापरायची होती. जीपची तेव्हाची मालक कंपनी फियाट क्रायस्लर तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे गेली. तक्रार ही, की हा आमचा चेहरा आहे. २०२० मध्ये आयोगाने तक्रार मान्य केली आणि महिंद्राला रॉक्सरचं रूप बदलावं लागलं. सत्तर वर्षांपूर्वी परवान्याने घेतलेला, मुळात फोर्डने ठोकून काढलेला चेहरा, बँटमच्या कल्पनेवर बसलेला. कायद्याने मालक ठरवला. कुळाचा हिशेब कायद्याला विचारून काय उपयोग?

आता तर जीपही महाराष्ट्रात घर करून आहे. पुण्याजवळ रांजणगावला २०१७ पासून 'कंपास' बनते आणि २०२१ पासून रँग्लरची जोडणी होते. एकाच आजीच्या दोन नाती, थार नाशिकला, रँग्लर रांजणगावला. दोघींच्या टाक्यांची झाकणं आता बाहेरच्या बाजूला आहेत. पेट्रोल पंपावर कोणाला उठावं लागत नाही. आत पडदे आहेत, गार हवा आहे, गादीच्या खुर्च्या आहेत; रूसने एकेक बोल्ट मोजून वाचवलेलं वजन केव्हाच परत चढलं आहे. पण रँग्लरमध्ये आणि चारही चाकांना ओढ असलेल्या थारमध्ये, ड्रायव्हरच्या हाताशी, गिअरच्या शेजारी एक आखूड दांडा अजून उभा आहे. आधीचे दोन होते, त्यांचा एक झाला, इतकंच. शहरात तो महिनोन्महिने हलत नाही. आणि एखाद्या पावसाळी दिवशी कच्च्या वाटेवर चाकं रुतली, की हात आपोआप त्याच्याकडे जातो.