समोर हिरवळ, पण पाऊल ठेवायचं का?

कामशेतहून नाणे मावळात शिरलं आणि वडिवळे धरणाच्या बाजूला निघालं की पावसाळ्यात दोन्हीकडे नुसती भातखाचरं दिसतात. बांधावरून कुणीही चालावं, कुणी अडवत नाही. याच तालुक्यात गहुंज्याला मात्र वेगळी हिरवळ आहे : घरांच्या मधोमध राखलेलं नऊ होलचं गोल्फ मैदान. लोणावळ्यापलीकडच्या अँबी व्हॅलीतही गोल्फ मैदान आहे. अशा वसाहतीत घर घेणारा बाल्कनीतून दिसणाऱ्या गवताचेही पैसे मोजतो. मग राहायला आल्यावर साधा प्रश्न पडतो, आजी-आजोबांना सकाळी तिथे फिरता येईल का? मुलांना खेळता येईल का?

सोसायटीच्या बैठकीत हा वाद हक्काचा असतो. आरोग्याच्या अंगानेही तो पाहायला हवा.

फायदा चालण्याचा

स्वीडनमधल्या तीन लाख गोल्फपटूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वय, लिंग आणि आर्थिक स्तर जमेस धरूनही त्यांचा मृत्युदर इतरांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी आढळला. यात खेळाडूंच्या एकूण जीवनशैलीचाही वाटा असू शकतो. पण १८ होलच्या एका डावात सहा-सात किलोमीटर चालणं होतं, हे विसरून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. त्यासाठी हातात स्टिक लागत नाही, चालायला मोकळी जागा लागते. नुसती बाल्कनीतून पाहिलेली हिरवळ हे काम करत नाही.

दोन धोके

पहिला धोका चेंडूचा. जेमतेम ४६ ग्रॅमचा हा कडक चेंडू जोरदार फटक्यानंतर ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने सुटू शकतो. डोळ्याला लागला तर दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे खेळ चालू असताना रहिवाशांना आत सोडत नाहीत, हे योग्यच आहे.

दुसरा धोका दिसत नाही. गवत गुळगुळीत राखण्यासाठी तणनाशकं, कीटकनाशकं आणि बुरशीनाशकं फवारली जातात. मावळच्या दमट पावसाळ्यात गवताला बुरशी सहज धरते. फवारणीनंतर लगेच सर आली तर औषध ओढ्यात वाहून जाऊ शकतं. इथले ओढे पुढे इंद्रायणीला किंवा पवनेला मिळतात आणि त्यांच्या काठी गावं आहेत.

मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा-विस्कॉन्सिन भागातला एक अभ्यास गाजला. पार्किन्सन, म्हणजे कंपवाताचे ४१९ रुग्ण आणि पाच हजारांहून अधिक निरोगी लोक यांची त्यात तुलना होती. गोल्फ मैदानापासून एक मैलाच्या आत राहणाऱ्यांमध्ये हा आजार असण्याची शक्यता, सहा मैलांपलीकडे राहणाऱ्यांच्या तुलनेत १२६ टक्क्यांनी अधिक निघाली. आकडा मोठा वाटतो, पण घाबरण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. मुळात कमी असलेली शक्यता दुप्पट झाली तरी ती कमीच राहते. शिवाय संशोधकांनी पाण्यातली किंवा मातीतली रसायनं मोजली नव्हती. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. तरीही पॅराक्वाटसारख्या काही रसायनांचा पार्किन्सनशी संबंध आधीच्या अभ्यासांत दिसलेला असल्याने सावध राहण्यात शहाणपण आहे.

वेळ ठरवा, फलक लावा

यावर कुलूप हाच उपाय नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स हे जगातलं सर्वांत नामांकित गोल्फ मैदान. मोठ्या स्पर्धा सोडल्या, तर रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावकरी मुलाबाळांसह, कुत्र्यांसह त्या गवतावर फिरतात. वेळ वाटून घेतली की खेळणारे आणि चालणारे दोघांचंही भागतं.

आपल्याकडेही पहाटेचा किंवा आठवड्यातला एक ठरावीक वेळ रहिवाशांसाठी राखता येईल. फवारणी कधी, कशाची आणि त्यानंतर किती तास आत जायचं नाही, हे फाटकावर मराठीत लिहावं. किती वेळ थांबायचं ते औषधाच्या वेष्टनावर छापलेलं असतं. तोपर्यंत मुलं आणि पाळीव प्राणी दूर ठेवावेत. फिरून आल्यावर पादत्राणं दाराबाहेर काढावीत, हात धुवावेत. सर्वांत जवळून रसायन हाताळतो तो फवारणी करणारा माळी. त्याला हातमोजे आणि मास्क मिळतात का, हेही सोसायटीने विचारावं.

घर घेण्याआधी एक कागद मात्र नीट वाचावा. स्थावर संपदा कायदा, २०१६ नुसार सामायिक जागा रहिवाशांच्या संस्थेकडे हस्तांतरित व्हाव्या लागतात. पण गोल्फ मैदान मंजूर आराखड्यात आणि करारात सामायिक जागा म्हणून दाखवलंय, की स्वतंत्र क्लबच्या नावावर आहे? दुसरं असेल तर आत जाणं त्या क्लबच्या नियमांवर अवलंबून राहतं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रं पाहता येतात. तोंडी आश्वासनावर न जाता, प्रवेशाची वेळ करारात लिहून घ्यावी.