पाहा, पारखा, करा



जीवनाला ध्येय असावे, हे आपण सारेच म्हणतो. पण सकाळी ध्येय खुंटीला टांगून कामावर जायचे आणि संध्याकाळी परतल्यावर त्याला नमस्कार करायचा, असा बहुतेकांचा क्रम. ध्येय आणि रोजचे काम यांची ही फारकत ख्रिस्ती विचाराला मान्य नाही. ते मला बेल्जियममधील एका धर्मगुरूच्या चरित्रावरून उमगले.

जोसेफ कार्डाइन १८८२ साली कष्टकरी घरात जन्मले. बरोबरीची मुले कारखान्यात गेली. हे धर्मशिक्षणाला गेले. सुट्टीत परतले तेव्हा बालमित्र तुटल्यासारखे वागू लागले. धर्मगुरू म्हणजे मालकांचा माणूस, ही त्यांची समजूत! १९०३ साली वडील वारले. उरलेले आयुष्य कामगारांसाठी वेचायचे, असा निश्चय त्या वेळी कार्डाइन यांनी केला. १९२५ साली त्यांनी तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ उभी केली.

त्यांचे सांगणे असे. देवाचे पाचारण केवळ धर्मगुरूंना नसते. यंत्रावरच्या पोरालाही असते. येशू स्वतः सुतारकाम करीत असे. तेव्हा जीवनाचा हेतू मरणोत्तर स्वर्गापुरता नाही, तो आजच्या पाळीतही आहे.

मग दिशा कशी सापडावी? त्यासाठी तीन पायऱ्या. पाहा: सोबत्याचे तास किती, मजुरी किती, तो जेवतो कुठे, हे स्वतः जाऊन विचारा. पारखा: देवाच्या लेकराला हे शोभते काय, ते शुभवर्तमानाशी ताडून बघा. करा: सोबत्यांसह एखादे तरी काम हाती घ्या, आणि पुढल्या बैठकीत त्याचा हिशेब द्या. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी सामाजिक प्रश्नांवरील आपल्या पत्रात या पायऱ्यांचा पुरस्कार केला.

मी ख्रिस्ती नाही. परंतु पहिली पायरी गाळण्याची चूक मी केली आहे. एका कारखान्याच्या दारावर मी बोनसवर तासभर बोललो. टाळ्या पडल्या. नंतर एक कंत्राटी पोरगा हळूच म्हणाला, "भाऊ, बोनस आमच्या हाती येतच नाही. रात्रपाळीला प्यायला पाणी तेवढे मिळेल का?" चार वर्षे मी त्या दारावर जात होतो, रात्री एकदाही गेलो नव्हतो. ध्येय माझ्यापाशी होते, पण तो पोरगा मला दिसला नव्हता. दुसऱ्या रात्री गेलो. दोन महिने भांडून पाण्याची सोय झाली.

कोणी विचारील, यात धर्म कशाला? कार्डाइन यांची दुसरी पायरी श्रद्धेवरच उभी आहे; प्रत्येक माणूस देवाचे लेकरू, हे त्यांचे माप. ज्याला ते मान्य नसेल, त्याने आपले माप कोणते, ते सांगितले पाहिजे. मापाशिवाय पारखणार कशाने?

कार्डाइन १९६५ साली कार्डिनल झाले, १९६७ साली वारले. त्यांच्या पायऱ्या मात्र कोणालाही मोकळ्या आहेत. उद्या कामावर शेजारच्या माणसाला एक प्रश्न विचारून पाहा, आणि उत्तर पुरते ऐकून घ्या. सुरुवात तेवढ्यानेही होते.